अकरावी-बारावी करता करता इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप (सिडनी), कोणाच्या मुलांनी केलीय का?

गुलमोहर

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

आम्ही वेस्टर्न सिडनीत, वेंटवर्थव्हिलच्या बाजूला राहतो, दोघंही आयटीत. मुलगा इयर टेनला आहे आणि पुढच्या वर्षीचे विषय निवडायचेत. शाळेत त्याची मीटिंग झाली, आणि येताना गाडीत मागच्या सीटवरून हा एकदम शांतपणे म्हणाला की मला स्कूल बेस्ड अप्रेंटिसशिप करायचीय, इलेक्ट्रिशियनची. आठवड्यात एक दिवस कामावर, एखादा दिवस टेफमध्ये (सरकारी व्होकेशनल कॉलेज), बाकीचे दिवस शाळा, आणि कामाचे पैसे पण मिळतात. नवऱ्याने गाडी बाजूला घ्यायचीच बाकी ठेवली होती. घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही.

अभ्यासात तो काही अगदी ढ नाहीये हो. मॅथ्स बरं आहे, सायन्स ठीक, इंग्लिशचे एसे म्हटलं की पोटात दुखायला लागतं. पण जुना टोस्टर, खराब झालेला ड्रिल, रस्त्यावर कोणी टाकून दिलेला पंखा असलं काहीतरी घेऊन गॅरेजमध्ये तासन्‌तास बसतो (प्लग लावायचा नाही ही माझी अट). डबा खायची पण शुद्ध नसते.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर कळलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आयटीआयच ना गं? त्यासाठी एवढ्या लांब गेलात?" तेव्हापासून नवरा अजूनच घट्ट झालाय. त्याचं म्हणणं, आधी एचएससी (इथली बारावी) नीट कर, अ‍ॅटार आण (म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशासाठीची रँक), मग काय ते बघू. मला खरंच कळत नाहीये कोणाची बाजू घ्यावी.

तर विचारायचंय ते असं की यात एचएससी पूर्ण मिळते का का काहीतरी हलकी एचएससी असते, अ‍ॅटारचा रस्ता बंद होतो का, नोकरी देणारा शोधायचा कोणी, शाळेने का आपण, आणि सहा महिन्यांनी पोराला कंटाळा आला तर काय. आणि मुख्य म्हणजे पोरगं थकून जाईल का. कोणी प्रत्यक्ष केलेलं असेल तर सांगा, वेबसाइट आम्ही वाचल्यात.

---

कांगारूकाका

गुलमोहर ताई, आमच्या मुलीने केलंय, न्यू साउथ वेल्समध्येच, पण तिचं हॉस्पिटलमधलं होतं, नर्सिंग असिस्टंटचं. तिची ट्रेनीशिप होती, तुमच्या मुलाची अप्रेंटिसशिप असेल. हा फरक आधी नीट समजून घ्या कारण आमचा सुरुवातीला यातच घोळ झाला होता. ट्रेनीशिप इयर ट्वेल्व्ह संपता संपता पूर्ण होते, सर्टिफिकेट हातात येतं, विषय संपला. अप्रेंटिसशिप शाळेत पूर्ण होतच नाही. शाळेत असताना पहिला टप्पा होतो, आणि एचएससी झाली की मुलगा फुल टाइम सेकंड इयर अप्रेंटिस म्हणून चालू पडतो. म्हणजे इलेक्ट्रिशियनची जी साधारण चार वर्षं असतात त्यातलं एक शाळेत असतानाच मागे पडतं.

दोन्हीत एचएससीच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत किमान १०० दिवस पगारी काम झालं पाहिजे. किमान हं, काही ट्रेनीशिपमध्ये जास्त असतात. आता हे १०० ऐकायला काहीच वाटत नाही पण मांडून बघा. शाळेचे आठवडे वर्षाला चाळीस, इयर इलेव्हनचे चाळीस दिवस निघाले, इयर ट्वेल्व्हला तिसऱ्या टर्मनंतर वर्ग संपतात, म्हणजे तीस, त्यात ट्रायल एक्झामचे आठवडे वजा, आजारपण वजा, मालकाकडे काम नाही म्हणून उद्या येऊ नको हे वजा. पासष्ट धरा. उरलेले पस्तीस सुट्टीत काढायचे. म्हणजे दोन वर्षं मोठी सुट्टी घेऊन पुण्याला जाणं विसरा. आमच्याकडे याच्यावरून सगळ्यात मोठं भांडण झालं होतं, अभ्यासावरून नाही. बायकोच्या भावाचं लग्न होतं डिसेंबरात. लेक गेली नाही, आम्ही दोघंच गेलो.

एचएससी हलकी बिलकी काही नाही, तीच एचएससी. कामाचं आणि ट्रेनिंगचं युनिट्समध्ये (युनिट म्हणजे विषयाचं वजन) क्रेडिट मिळतं. अ‍ॅटारचा रस्ता पण आपोआप बंद होत नाही, पण डोळे उघडे ठेवून विषय निवडावे लागतात. अ‍ॅटारला बोर्ड डेव्हलप्ड विषयांचे (ज्यांचा अभ्यासक्रम बोर्डानेच ठरवलाय) दहा युनिट लागतात, इंग्लिश त्यात आलंच. टेफमधला कोर्स जर इंडस्ट्री करिक्युलम फ्रेमवर्कमधला असेल (ही बोर्डाची व्होकेशनल विषयांची यादी, इलेक्ट्रोटेक्नॉलॉजी तिच्यात आहे) आणि मुलाने त्याची लेखी एचएससी परीक्षा दिली तर तो विषय अ‍ॅटारमध्ये धरता येतो. परीक्षा ऐच्छिक असते, नाही दिली तर एचएससीला धरतात, अ‍ॅटारला नाही. पूर्वी असे विषय कॅटेगरी बी म्हणून बाजूला काढायचे आणि त्यातले फक्त दोन युनिट धरायचे, ती ए-बी ची भानगड २०२५ च्या एचएससी बॅचपासून काढून टाकलीय. पण इंडस्ट्री बेस्ड लर्निंग म्हणून जो कामाच्या तासांचा कोर्स देतात तो अ‍ॅटारला चालत नाही. आम्हाला हे इयर इलेव्हनच्या मध्यावर कळलं, धावपळ करून एक विषय परत घ्यावा लागला. तुम्ही आत्ताच शाळेतल्या करिअर्स अ‍ॅडव्हायझरकडे बसून एका कागदावर सगळे युनिट लिहून घ्या, कुठले अ‍ॅटारचे आणि कुठले नाहीत.

लेक आता नर्सिंगच्या डिग्रीला आहे, वीकेंडला त्याच कामावर जाते. ती म्हणते फर्स्ट इयरच्या प्लेसमेंटला बाकीच्या मुली पेशंटला हात लावायला घाबरत होत्या.

अजून एक, तुमचं पीआर किंवा सिटिझनशिप झालीय का ते लिहिलं नाहीत. टेम्पररी व्हिसावर असाल तर पहिला फोन त्याचाच करा, सरकारी फंडिंग त्याच्यावर ठरतं.

---

हिशेबी_माणूस

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने.

हा प्रकार वाईट आहे असं नाही, पण सोळाव्या वर्षी कशाला? अप्रेंटिसशिप बारावीनंतरही मिळते, विसाव्या वर्षीही मिळते, चाळिशीतले लोक करतात इथे. मग घाई कसली. कांगारूकाकांनीच लिहिलंय की दोन वर्षांच्या एवढ्या ओढाताणीनंतर वाचतं किती तर एक वर्ष. त्या एका वर्षासाठी मॅथ्स एक्स्टेन्शन (वरच्या पातळीचं जास्तीचं गणित) सोडायचं, फिजिक्स टाइमटेबलमध्ये बसत नाही म्हणून सोडायचं, आणि मग एकोणिसाव्या वर्षी पोराला वाटलं की आपल्याला इलेक्ट्रिकल इंजिनिअर व्हायचं होतं तर? दोन्ही दगडांवर पाय ठेवला की काय होतं ते आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं आहे.

आणि थकण्याचं म्हणाल तर हो, थकणार. बुधवारी कामावर गेलेलं पोर गुरुवारी पहिल्या तासाला डुलक्या घेतं. माझ्या शेजाऱ्यांच्या मुलाचं बघितलंय, त्याने सहा महिन्यात दोन्ही सोडलं.

---

फेज_न्यूट्रल

काकू, मी स्वतः केलंय हे. मेलबर्नला, आता पूर्ण क्वालिफाइड आहे, ए ग्रेड लायसन्स आहे. मराठी घरी बोलतो पण लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

व्हिक्टोरियात नियम वेगळा आहे. आठवड्याला सरासरी सात तास काम आणि सहा तास ट्रेनिंग, असे किमान तेरा, आणि त्यातला किमान एक दिवस शाळेच्या दिवसातलाच पाहिजे. शाळेत व्हीसीई (इथली बारावी) व्होकेशनल मेजर म्हणून २०२३ पासून वेगळी वाट आहे, आधी व्हीकॅल होतं, त्या व्होकेशनल मेजरमध्ये अ‍ॅटार नसतो. मी नॉर्मल व्हीसीईच केली कारण बाबांची तीच अट होती. आमच्याकडे पण हेच सगळं झालंय काकू, फक्त सासूबाईंच्या जागी माझी आत्या होती.

आता खरं कसं असतं ते सांगतो. अलार्म सव्वापाचचा. साइटवर सातला उभं राहायचं, सात म्हणजे सातला टूलबेल्ट कमरेला लावून, सातला पार्किंग शोधत नाही. लायसन्स नव्हतं त्यामुळे पहिलं वर्ष आई सोडायला यायची नाईटड्रेसवर. हे कोणी सांगत नाही पण सगळ्यात मोठा प्रॉब्लेम हाच असतो. तुमच्याकडे न्यू साउथ वेल्समध्ये एल (शिकाऊ लायसन्स) सोळाला मिळतं ना, आणि पी प्लेट (एकट्याने गाडी चालवायचं) सतराच्या आधी नाही, वर १२० तासांचं लॉगबुक. म्हणजे निदान पहिलं वर्ष त्याला कोणीतरी सोडणार आणि आणणार, आणि साइट दर दोन महिन्यांनी बदलते, आज इथे तर उद्या शहराच्या दुसऱ्या टोकाला. ट्रेन सकाळी सव्वापाचला मिळेलच असं नाही. त्यामुळे मालक शोधताना तो घराजवळ राहतो का आणि पोराला वाटेत उचलेल का हे विचारा. मी हे पगाराच्या आधी विचारीन.

पहिले तीन-चार महिने काय केलं तर झाडू मारला, व्हॅनमधलं सामान लावलं, कंड्युट कापले, आणि छपराच्या आत सरपटत जाऊन केबल ओढली. फेब्रुवारीत छपराखाली काय असतं ते विचारू नका. इन्सुलेशनच्या बॅट्स असतात, त्याची खाज दोन दिवस जात नाही, गुरुवारी शाळेत बसून मी मान खाजवत असायचो. मग हळूहळू एक माणूस होता, पन्नाशीचा, कमी बोलायचा, तो मला स्विचबोर्ड समजवायला लागला. लाइव्ह कशालाही हात लावायचा नाही हे तर पहिल्याच दिवशी. आणि एकट्याने काम करायचं नाही, पहिल्या वर्षाच्या मुलाच्या बाजूला क्वालिफाइड माणूस पाहिजेच. हे तुमच्या घरच्या काकांना नक्की सांगा, त्यांना ती भीती असेल, ते बोलत नसतील.

हिशेबी काका, तुमचं एक वर्षाचं गणित बरोबर आहे, पण मला ते एक वर्ष वाचलं म्हणून फायदा नाही झाला. मला मॅथ्स आवडायला लागलं हो. शाळेत ट्रिग (त्रिकोणमिती) शिकवायचे तेव्हा वाटायचं कशाला. मग टेफमध्ये थ्री फेज आलं, तिथे तीनचं वर्गमूळ कुठून येतं ते फेजर काढून दाखवलं, आणि पुढच्या आठवड्यात शाळेत साइन-कोसाइनचे ग्राफ, मी बाकावर उठून बसलो. व्होल्टेज ड्रॉप काढायचा, केबलचा साइज काढायचा, पॉवर फॅक्टर, हे सगळं गणितच आहे. वायरिंग रूल्सचं पुस्तक असतं, एएस एनझेडएस ३०००, जाडजूड, त्यात टेबलंच टेबलं, ते वाचता नाही आलं तर तुम्ही इलेक्ट्रिशियन नाही होऊ शकत. लोकांना वाटतं ज्याला अभ्यास जमत नाही त्याने ट्रेड करावा. आमच्या बॅचमध्ये जी मुलं गळली ती बहुतेक गणितात गळली. तुमच्या मुलाचं मॅथ्स बरं आहे ना, झालं तर.

एसेचं मात्र सुटत नाही काकू, इंग्लिश कंपल्सरीच आहे.

---

ब्रिस्बेनकर

आमच्या क्वीन्सलँडचं सांगतो, म्हणजे तुलना होईल. आमच्याकडे साधारण नियम वर्षाला ३७५ तास, म्हणजे ५० दिवस पगारी काम. पण इलेक्ट्रोटेक्नॉलॉजीला वेगळा नियम, ६०० तास, ८० दिवस. त्यामुळे कोणी क्वीन्सलँडवाला वाचत असेल तर बाकीच्या ट्रेडचे आकडे बघून फसू नका. गंमत म्हणजे इथे काम किंवा ट्रेनिंगचा शाळेच्या टाइमटेबलवर परिणाम व्हावाच लागतो. नुसतं शनिवार-रविवार काम करून स्कूल बेस्ड म्हणता येत नाही. शाळेनेच त्याला विषय कमी करून मोकळा वेळ द्यायचा, लपूनछपून काही नाही. क्यूसीई म्हणजे इथली बारावी, तिला २० क्रेडिट लागतात, त्यात याचे पण धरतात.

मी लिहितोय ते मालकाबद्दल. थोरल्याला पहिला मालक मिळाला तो ओळखीतून, बायकोच्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा मित्र, छोटा धंदा, दोन व्हॅन. आम्ही खूश, शोधावं लागलं नाही. पाच महिने झाले तरी पोरगं गोडाऊनमध्ये खोके उचलत होतं. टेफमध्ये लॉगबुक भरायचं असतं, काय काय काम केलं ते, तर याच्याकडे लिहायलाच काही नाही. विचारलं की पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात. ओळखीतला माणूस असल्यामुळे आम्हाला पण तोंड उघडता येईना, हीच आमची चूक. शेवटी ट्रेनिंग प्लॅनचा कागद बाहेर काढला. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की मालकाने काय काय शिकवायचं आहे, सही असते त्याची. तो पुढे ठेवला, बोलणं झालं, नाही जमलं, दोघांच्या सहमतीने कॉन्ट्रॅक्ट रद्द केलं. नंतर चार महिने रिकामे गेले पण दुसरा मालक मिळाला. आधी झालेलं ट्रेनिंग वाया जात नाही, ते धरतात, हे लक्षात ठेवा. म्हणजे तुमचा जो प्रश्न आहे की मधेच नको झालं तर, तर आभाळ कोसळत नाही. मुलगा शाळेत असतोच. एखाददुसरा विषय भरून काढावा लागतो, बस.

गुलमोहर ताई, अठराच्या खाली असल्यामुळे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टवर तुमची पण सही लागेल. ते कागद घेऊन अप्रेंटिस कनेक्टची (अप्रेंटिसशिपला मदत करणारी सरकारी सेवा) बाई किंवा माणूस येतो, शाळेत किंवा मालकाकडे, (आधी याचं नाव वेगळं होतं, २०२४ च्या जुलैपासून हे), सगळं समजावून सांगतात. आम्ही घाईत सही केली कारण मला ऑफिसला जायचं होतं. तुम्ही त्या दिवशी रजा टाका आणि प्रत्येक पान विचारा.

मालक मिळत नसेल तर ग्रुप ट्रेनिंगवाल्यांकडे जा. ते स्वतः पोराला नोकरीवर ठेवतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांकडे कामाला पाठवतात, एका ठिकाणी काम संपलं तर दुसरीकडे. पगार, कागदपत्रं त्यांच्याकडे. ओळखीतल्या माणसापेक्षा परकी संस्था बरी, निदान भांडता येतं.

---

गुलमोहर

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सिटिझनशिप झालीय दोन वर्षांपूर्वी, त्यामुळे तो प्रश्न नाही.

फेज_न्यूट्रल, तुझं लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो थ्री फेजवाला भाग त्याने माझ्या हातातून फोन घेऊन परत वाचला. तो स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मग डिग्रीला गेला होता, थेट सेकंड इयरला, आणि हे तो कधीच कोणाला सांगत नाही. मी लग्नाला अठरा वर्षं झाली तेव्हा पहिल्यांदा ऐकलं की त्याच्या डिप्लोमाच्या वर्षांत नातेवाईक त्याला काय काय बोलायचे. रात्री बारापर्यंत बोलत बसलो. त्यातून निर्णय काही झाला नाही पण आता तो मुलाशी बोलतो तरी.

हिशेबी_माणूस, तुमचा राग नाही आला, खरंच. तुमचाच मुद्दा मला अजून छळतोय, एक्स्टेन्शनचा. शाळेत विचारलं तर म्हणाल्या, एक्स्टेन्शन वन सकाळी शाळेच्या आधी घेतात, टेफच्या दिवशी क्लॅश होईल, बाकी दिवशी जमेल. म्हणजे जमेल पण आणि नाही पण.

---

आल्प्समधली

मी स्वित्झर्लंडला, म्हणून नियमांचं काही सांगू शकत नाही, पण तुमच्या सासूबाईंच्या वाक्यावर लिहावंसं वाटलं. इथे सक्तीची शाळा संपली की, म्हणजे पंधरा-सोळाच्या वयात, साधारण तीनातली दोन मुलं हेच करतात. तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्होकेशनल शाळेत, तीन ते चार वर्षं, पगार मिळतो. बँकेत पण करतात, फार्मसीत पण, लॅबमध्ये पण. आमच्या बिल्डिंगमधल्या डॉक्टरांची मुलगी घड्याळांच्या कारखान्यात आहे आणि डॉक्टर हे लिफ्टमध्ये कौतुकाने सांगतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं काहीतरी बिचारं झालं असेल, मी चक्क सांत्वनाच्या सुरात बोलले, अजून आठवलं की लाज वाटते.

याच्यासोबत बेरुफ्समाटुरिटेट म्हणून जास्तीचा अभ्यास करता येतो, १९९० च्या दशकात सुरू केला, तो केला की फाखहोखशूले म्हणजे अप्लाइड सायन्सच्या कॉलेजला डिग्रीला जाता येतं. आणि वर अजून एक परीक्षा, पासरेल, ती दिली तर युनिव्हर्सिटीला पण. कठीण आहे ती, पण दार आहे. असं दार तुमच्याकडे कुठल्या मजल्यावर आहे ते शोधा.

---

हिशेबी_माणूस

मी काही पूर्ण पलटलो नाही, पण फेज_न्यूट्रलचं गणिताचं पटलं. असो. निदान माझ्या कामाचं तरी सांगतो, मी अकाउंटंट आहे.

पहिल्या दिवसाच्या आधी टीएफएन (टॅक्स फाइल नंबर) काढा, आणि यूएसआय म्हणजे युनिक स्टुडंट आयडेंटिफायर, त्याच्याशिवाय सर्टिफिकेट निघत नाही. आठवड्याला एक दिवस काम करून वर्षाला १८,२०० डॉलरच्या वर जाणार नाही, म्हणजे टॅक्स नाही. फॉर्ममध्ये टॅक्स फ्री थ्रेशोल्डचा प्रश्न असतो तिथे हो म्हणा, म्हणजे उगाच कापून परत मिळायची वाट बघायला नको. सुपर (निवृत्तीचा फंड) बहुधा मिळणार नाही, अठराच्या खाली असेल तर आठवड्यात ३० तासांच्या वर काम केलं तरच मालकावर ते बंधनकारक आहे, सुट्टीत फुल आठवडा केला तर त्या आठवड्याचं मागा.

पगाराची पायरी हळू चढते हे लक्षात ठेवा. अवॉर्डप्रमाणे (त्या धंद्याचे किमान पगाराचे कायदेशीर नियम) स्कूल बेस्ड अप्रेंटिसची दोन वर्षं म्हणजे साधारण एक वर्ष धरतात, म्हणूनच बाहेर पडताना तो सेकंड इयर असतो. आणि बऱ्याच अवॉर्डमध्ये असं आहे की स्कूल बेस्ड अप्रेंटिसला कामाच्या तासांवर अजून २५ टक्के तासांचा पगार टेफच्या वेळेचा म्हणून द्यायचा. आठ तास काम केलं तर दहा तासांचे पैसे. छोट्या मालकांना हे माहीतच नसतं, वाईट हेतू नसतो, पण पेस्लिप बघा. फेअर वर्कच्या (कामगार हक्कांची सरकारी संस्था) साइटवर पे कॅल्क्युलेटर आहे, अंदाजाने भांडू नका, प्रिंट काढून न्या.

टेफची फी न्यू साउथ वेल्समध्ये अप्रेंटिसला सरकार भरतं, त्याचे कोणी पैसे मागितले तर थांबा आणि विचारा.

---

कांगारूकाका

दाराचं मी सांगतो. इथे सर्टिफिकेट थ्री, मग सर्टिफिकेट फोर, डिप्लोमा, अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा, आणि तिथून बॅचलरला क्रेडिट घेऊन जाता येतं, जिना तोच आहे, एकूण दहा पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर उभं राहून कमावता कमावता वर जायचं. तुमचे मिस्टर गेलेच ना असे, डिप्लोमावरून.

एक्स्टेन्शनचं माझं मत, पहिली टर्म घेऊन बघा. विषय सोडणं सोपं असतं, मागाहून घेणं महाकठीण. आमचा अनुभव सांगितला वर.

---

गुलमोहर

अपडेट. शाळेतल्या व्हीईटी (व्होकेशनल ट्रेनिंग) कोऑर्डिनेटर बाईंनी दोन ठिकाणी नाव पाठवलं होतं. एक ग्रुप ट्रेनिंगवाले आणि एक स्थानिक इलेक्ट्रिकल कंपनी, चार-पाच लोकांची. ग्रुप ट्रेनिंगवाल्यांनी आधी टेस्ट घेतली, गणित आणि वाचनाची, त्यात पास झाला. परवा गुरुवारी इंटरव्ह्यू आहे. सुट्टीत एक आठवडा वर्क एक्स्पिरियन्स कर आणि मग ठरव असं त्या म्हणाल्या, ते मला फार आवडलं.

इंग्लिश स्टँडर्ड, मॅथ्स अ‍ॅडव्हान्स्ड, फिजिक्स, बिझनेस स्टडीज आणि हा कोर्स, असे अ‍ॅटारचे दहा युनिट बसवलेत आणि वर एक्स्टेन्शन वन, पहिल्या टर्मपुरतं. टेफच्या कोर्सची परीक्षा द्यायचीच असं लिहून घेतलंय मुलाकडून, नवऱ्याची अट. तो कागद फ्रिजवर लावलाय. गुरुवारी नवराच घेऊन जाणारे त्याला, मी नाही. काल रात्री गूगल मॅपवर सकाळी सहाच्या ट्रॅफिकचं बघत बसला होता.

सासूबाईंना अजून नीट सांगितलेलं नाही. "नोकरी लागतेय" एवढंच म्हटलं तर त्या म्हणाल्या, सोळाव्या वर्षी, बघा, आणि लगेच शेजारी सांगून आल्या.

आता शेवटचा प्रश्न, बूट. मुलगा म्हणतो सेफ्टी बूट इंटरव्ह्यूच्या आधीच घ्यायचे, म्हणजे तयारी दिसते. घेऊ का?

---

फेज_न्यूट्रल

नका घेऊ काकू, इंटरव्ह्यूला नवेकोरे सेफ्टी बूट घालून गेलं तर हसतील. साधे स्वच्छ बूट, पॅन्ट, आणि सातची वेळ असेल तर पावणेसातला. बरेचदा मालक किंवा ग्रुप ट्रेनिंगवालेच बूट-कपडे देतात, आधी विचारून घ्या. स्वतः घ्यायचे झाले तर स्टील टो नाही, कॉम्पोझिट टो बघा, आमच्या कामात बुटात लोखंड नसलेलंच बरं, आणि ज्यावर इलेक्ट्रिकल हॅझर्डचं रेटिंग आहे ते. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा जो बसतो तो खरा साइज.

इंटरव्ह्यूत त्याला विचारतील की घरी काय काय दुरुस्त करतोस. टोस्टरचं सांग म्हणावं, पण त्यात काय बिघडलेलं होतं आणि ते कसं शोधलं हे सांगायचं. आणि "प्लग काढलेला होता" हे वाक्य आधी.